एकही भोक नसलेलं कव्हर

दुकानात तोंडावर सगळे त्यांना मावशी म्हणायचे आणि पाठीमागे डबलटीप. जिथे एक टीप पुरेल तिथे त्या दोन मारायच्या, म्हणून हे नाव. मालक म्हणायचे, ह्यांनी शिवलेलं कव्हर काढायचं तर गाडीच कापावी लागेल. हे कौतुक होतं की तक्रार, ते बहुधा मालकांनाही ठाऊक नव्हतं.

आमचं दुकान गाड्यांच्या सीटकव्हरचं. पुढे नमुने टांगलेले, मध्ये दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा आणि मागे शिलाईची खोली. त्या खोलीत रेक्झिनच्या गुंडाळ्या छताला टेकलेल्या असत आणि मावशींचं मशीन पार कोपऱ्यात. सकाळी त्या आत जाऊन बसल्या की नवा माल येई आणि त्यांच्या वाटेतच उभा राही. दुपारी डबा खायला बाहेर यायचं तर आधी कुणीतरी दोन गुंडाळ्या हलवायच्या. सव्वीस वर्षं त्या अशाच बसत आल्या होत्या. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात विचारलं, मशीन दाराजवळ का घेत नाही? म्हणाल्या, दाराजवळ बसलं की लोक गप्पा मारायला येतात आणि गप्पांत टीप वाकडी जाते.

मी कॉम्प्युटरवर कव्हरांचे नमुने काढते. शिक्षण यंत्रांचं झालं, नोकरी मिळाली रेक्झिनची. मावशी सीटवरून नुसता हात फिरवून माप सांगायच्या. मी मागाहून टेप लावून बघायचे, की ह्या बाई एकदा तरी चुकतील. नाही चुकल्या.

त्यांची खरी कीर्ती मागच्या सीटची. मागच्या सीटवर पट्टे अडकवायची तीन बकलं वर आलेली असतात. गिऱ्हाइकांना ती टोचतात. मागे कोण पट्टा लावतंय, असं म्हणून ते हसतात. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी, की बकलं सीटच्या फटीत दाबून टाकायची आणि वरून सलग कव्हर ओढायचं. एकही भोक नाही. गादीवर नवी चादर घातल्यासारखं दिसतं. ह्या कामात मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

नवरा गेल्यावर लेक त्यांना आपल्या घरी घेऊन आली होती. तिसरं वर्ष चालू होतं. घर लहान. मावशींची कॉट स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात. जो तो त्यांच्या पायांना वळसा घालून जाई, म्हणून त्या पाय पोटाशी घेऊन झोपायला शिकल्या होत्या. जावयाच्या घरी राहायचं तर तीन गोष्टींवर बोलायचं नाही, असं त्यांनी आपणहून ठरवलं होतं. मीठ, पोर आणि गाडी. म्हणजे लेकीचा स्वयंपाक, नातीला वाढवायची रीत आणि जावयाची गाडी. "तोंडाला टीप मारलीय," असं मला सांगायच्या. "तीही डबल."

जावई वाईट माणूस नव्हता. पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर होता. निर्व्यसनी, मोजकं बोलणारा. फक्त सासूशी थेट बोलायला त्याला जमत नसे. तुझ्या आईंना चहा हवाय का विचार, असं बायकोला सांगायचा आणि आई समोरच बसलेल्या असायच्या. तीन वर्षं हे असंच चाललं. त्यांना हाक अशी नव्हतीच.

मग त्याने गाडी घेतली. जुनीच, पण त्याची पहिली. दर रविवारी स्वतः धुवायचा. मावशींनी मालकांना विचारून उरलेलं रेक्झिन घेतलं आणि दोन महिने दुपारच्या सुट्टीत त्या गाडीचं कव्हर शिवलं. कॉफीचा रंग आणि कडेने सायीच्या रंगाची पायपिंग. त्या वेळी त्या डबा मशीनवर ठेवून एका हाताने जेवायच्या. मागची सीट अर्थातच सलग. पुढच्या काचेवर ऊन अडवायला ज्या दोन झडपा असतात त्यांनाही त्याच रेक्झिनच्या खोळी शिवल्या. तशी त्यांची गरज नव्हती. पण हौस.

त्यातल्या एका झडपेवर चित्र चिकटवलेलं असतं. खुर्चीत बाळ, बाळासमोर मोठा गोल फुगा आणि त्यावर लाल फुली. मावशींनी ते चित्र हजार गाड्यांत पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ आपल्यापुरता लावून टाकला होता, की गाडीत पोरांच्या हातात फुगा देऊ नये. फटकन फुटला तर चालवणारा दचकायचा.

कव्हर बसवलं त्या दिवशी जावई मागच्या सीटवर हात फिरवत राहिला. जोड शोधत होता, सापडला नाही. मग मागे वळून म्हणाला, "आई, हे तुम्ही केलंत?"

हे वाक्य मावशींनी मला किती वेळा सांगितलं, मोजलं नाही. दर वेळी 'आई' या शब्दाशी थोडं थांबून.

त्यांच्या नातीला घरात गुंडी म्हणत. वय चार, वजन सोळा किलो, प्रश्न अगणित. पूर्वी ती मागे बसायची. तिच्या आत्याने दिलेली एक लहान मुलांची खुर्ची होती, ती मागच्या सीटवर पट्ट्याने आवळून बांधत. कव्हर आल्यावर बकलं खाली गेली, पट्टा अडकवायला जागा राहिली नाही आणि खुर्ची माळ्यावर गेली. एकदा ब्रेक लागला तेव्हा गुंडी नव्या गुळगुळीत रेक्झिनवरून घसरून खाली पडली आणि तिचा गुडघा फुटला. म्हणून बापाने तिला पुढे आपल्या शेजारी घेतलं. पुढे निदान पट्टा आहे आणि पोर नजरेसमोर राहते, हा त्याचा हिशेब. हिशेबात खोट काय, हे घरात कुणालाच दिसलं नाही. रोज सकाळी गुंडी पुढे, मावशी मागे. आधी बालवाडी, मग आमच्या दुकानाचा कोपरा.

एक दिवस हॉस्पिटलच्या अपघात विभागातली एक सिस्टर गाडी घेऊन आली. तिने सांगितलं की मागच्या तिन्ही बकलांना भोकं ठेवा. मालक म्हणाले, मॅडम, टोचतील. ती म्हणाली, टोचू दे. शिवाय झडपेवरचं चित्र झाकायचं नाही. माप घ्यायला बाहेर आलेल्या मावशींना गंमत वाटली. त्या म्हणाल्या, एवढे कुठले फुगे नेता तुम्ही गाडीत?

सिस्टर हसली नाही. तिने झडप खाली ओढली आणि चित्रावर बोट ठेवलं. "मावशी, हा फुगा इथे, ह्या डॅशबोर्डात बसलेला असतो. धडक झाली की पापणी लवायच्या आत बाहेर येतो. मोठ्या माणसाला वाचवतो. पण पुढे लहान मूल असेल तर त्याच्या तोंडावर, मानेवर आदळतो. मागच्या वर्षी आमच्याकडे एक मूल आणलं होतं." पुढचं तिने सांगितलं नाही. झडप वर केली आणि रंगाचे नमुने बघायला लागली.

दुपारी मावशी डबा न उघडता माझ्या टेबलाशी आल्या. ते फुग्याचं खरं का, म्हणून विचारलं. मला कुणी यंत्राचं काही विचारलं की फार आनंद होतो. मी चित्र काढून सांगत सुटले. आत फटाक्यातल्यासारख्या दारूचा छोटा डबा असतो, पिशवी किती वेगाने बाहेर येते, तिच्या वाटेत डोकं आलं तर काय होतं. मुलांना मागेच बसवायचं, लहान असतील तर त्यांच्या मापाच्या खुर्चीत.

"आणि पुढे पट्टा लावला असेल तर?"

तो पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो, मी म्हणाले. चार वर्षांच्या मुलाच्या तो खांद्यावरून जात नाही, गळ्यावरून जातो. मग मूल तो बगलेखालून घेतं आणि त्याचा उपयोग संपतो.

"बगलेखालूनच घेते," मावशी म्हणाल्या. "मी रोज मागून बघते."

तेव्हा कुठे मला कळलं, की मी हे कुणाबद्दल सांगत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आणला. गुंडी बसलेली असताना सीटपासून डोक्यापर्यंतची उंची आणि तिच्या नाकापासून डॅशबोर्डपर्यंतचं अंतर. टेप सेंटिमीटरची, आकडे सुबक. फुगा बंद करता येतो का, त्यांनी विचारलं. काही गाड्यांत त्याला किल्ली असते. त्यांच्या गाडीची माहिती मी शोधली. किल्ली नव्हती. सीट पार मागे सरकवली तर? थोडा फरक पडेल, मी म्हणाले, पण पोरीचा जीव सोपवण्याइतका भरवसा त्यावर ठेवता येणार नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा घडी घातली.

मग त्या लेकीशी बोलल्या. लेकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हे जपून चालवतात, बालवाडीच्या रस्त्याला तिसाच्या वर जात नाहीत. शिवाय ह्यांना मी काय सांगू? माझ्या आईने दिलेलं कापून टाका? कारखान्यात ज्याला त्याला गाडी दाखवत फिरतात ते. मावशींना लेकीचा राग आला नाही. स्वतःच्या घरात तीही पाय पोटाशी घेऊनच राहत होती, हे त्यांना दिसत होतं.

रविवारी जावई गाडी धूत असताना मावशी बादली घेऊन गेल्या आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आपलाच नियम मोडून म्हणाल्या, गुंडीला मागे बसवलं तर?

"मागे ती घसरते ना, आई," तो मजेत म्हणाला. "तुमचं रेक्झिनच तसं गुळगुळीत. आणि मागे पट्टा कुठाय?"

पट्टा होता. त्याला अडकवायचं बकल चार बोटं खाली होतं, जिथे मावशींनी स्वतःच्या अंगठ्याने दाबून टाकलं होतं. त्याच वेळी सांगता आलं असतं. त्या बादली उचलून पाणी बदलायला गेल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कव्हर गेलं की मी परत 'तुझ्या आई'," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग मी येऊन सांगते त्यांना, तांत्रिक भाषेत. त्यांनी मान हलवली. तू सांगितलंस तर मी घरातलं बाहेर नेलं असं होईल. मग तर तिथे राहणंच अवघड.

पुढच्या सोमवारी त्यांनी युक्ती काढली. गाडी निघताना गुंडीला गोष्टीचं आमिष दाखवून मागे घेतलं आणि मांडीवर बसवून दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तीन दिवस हे जमलं. चौथ्या दिवशी मला ते सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता आणि मी, काय सुचलं कोण जाणे, त्यांना खरं ते सांगितलं. गाडी धडकून थांबली की सोळा किलोची पोर काही शे किलोंच्या जोराने पुढे फेकली जाते. कुठलीही मिठी ती धरू शकत नाही. आणि धरणाऱ्याला स्वतःला पट्टा नसेल तर त्याचं सगळं वजन पोरीवर येतं.

मावशींनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. सव्वीस वर्षं जाड रेक्झिन ओढलेले हात होते ते. "म्हणजे हेही नाही," म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तशीही युक्ती संपलीच होती. गोष्टी संपल्या आणि गुंडीला पुढचीच सीट हवी झाली, तिथून सगळं दिसतं. त्यानंतरच्या सकाळी कशा जायच्या ते मावशींनी मला एकदाच सांगितलं. त्या मागे बसत. समोर सीटच्या वर गुंडीच्या रिबिनींचे दोन बो दिसत, मध्ये भांग. गाडी सुरू झाली की रिक्षा, सायकल, कुत्रं, जे काही आडवं येईल त्याच्याकडे त्या चालवणाऱ्याच्या आधी बघत. एकदा एक स्कूटर मध्ये घुसली आणि जावयाने ब्रेक मारला. गुंडी पट्ट्याच्या वरून पुढे वाकली, कपाळ डॅशबोर्डापाशी गेलं आणि ती खिदळत परत मागे आली. काहीच झालं नव्हतं. जावयाने स्कूटरवाल्याला दोन शब्द ऐकवले. मावशींनी मागून पुढच्या सीटला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. मिठी मारायला तेवढीच सीट त्यांच्या वाट्याला आली होती. दुकान येईपर्यंत त्यांना ती सोडता आली नाही. उतरताना जावई काळजीने म्हणाला, आई, तुम्हाला गाडी लागते का?

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी जावई दुकानात आला. सोबत कारखान्यातला सहकारी होता, नवी गाडी घेतलेला. मालक खुशीत. जावयाने आपली गाडी मध्ये उभी केली, मागचं दार उघडलं आणि दाखवायला लागला. बघ, जोड सापडतो का. सहकाऱ्याला सापडला नाही. मला अगदी असंच हवं, तो म्हणाला, एकही भोक नको. घरी तीन वर्षांची जुळी आहेत, काही सांडलं तरी फडक्याने पुसता येईल.

मालकांनी आत हाक मारली, मावशी, या बाहेर, तुमचं कौतुक चाललंय. पण बाहेर येता येईना. सकाळीच आलेल्या चार गुंडाळ्या वाटेत उभ्या होत्या. मी त्या एकेक करून हलवायला लागले. फटीतून मावशी दिसत होत्या. मशीन बंद करून उभ्या होत्या आणि बाहेरचा प्रत्येक शब्द ऐकत होत्या. शेवटची गुंडाळी सरकली तेव्हा त्यांच्या हातात लाकडी मुठीची ब्लेड होती. दोरे कापायची. ती त्यांच्या हातात नेहमीच असते, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

"आई, ह्यांना दाखवा तुमचं काम," जावई म्हणाला.

मावशी मागच्या दारातून आत शिरल्या आणि सीटवर गुडघे टेकून बसल्या. हात फिरवला. जिथे हात थांबला तिथे ब्लेड टेकवली आणि ओढली. रेक्झिन फाटताना करकर असा कोरडा आवाज येतो. त्यांनी दोन बोटं आत घातली आणि लाल बटणाचं बकल वर ओढून काढलं. मग दुसरीकडे. मग तिसरीकडे. मापं घेतली नाहीत.

"आई," जावई म्हणाला. "अहो."

त्या उतरल्या, पुढचं दार उघडलं आणि झडपेची खोळ उसवायला घेतली. ती मात्र पटकन निघेना. स्वतःचीच डबल टीप. आम्ही सगळे बघतोय आणि त्या एकेक टाका तोडतायत. खोळ निघाली. चित्र दिसलं.

"ही बकलं मी गाडली," त्या जावयाला म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "हे चित्रही मीच झाकलं. माझं कव्हर आलं म्हणून गुंडी पुढे आली. धडक झाली तर त्या फुग्याने तिची मान मोडेल. तिला मागे बसवा, तिच्या खुर्चीत." मग सहकाऱ्याकडे वळल्या. "जुळ्यांच्या गाडीला सलग नाही मिळणार. भोकं ठेवून शिवते, नाहीतर दुसरं दुकान बघा."

मालक माझ्याकडे बघायला लागले, जणू ही शिकवणूक माझीच. अर्धी होतीही. सहकाऱ्याने चित्राचा अर्थ विचारला आणि मी सांगितला, ह्या वेळी थोडक्यात. जावई आमच्याकडे पाठ करून मागच्या सीटमध्ये वाकला होता. त्याने पट्ट्याची जीभ एका बकलात घातली. खट. काढली. पुन्हा घातली. मग दार लावलं आणि कुणाशी न बोलता गाडी घेऊन गेला.

मालक म्हणाले, गिऱ्हाइकासमोर माल फाडणारी कारागीर आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मावशी आत गेल्या. सहकारी आठवड्याने परत आला आणि भोकं ठेवलेलं कव्हर घेऊन गेला. माझ्या नमुन्यांत आता मागच्या सीटला तीन चौकोन आहेत. मालकांना ते अजून आवडत नाहीत.

घरी त्या दिवशी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मावशी म्हणाल्या. जावयाने स्टूल घेऊन माळ्यावरून खुर्ची काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि अंगणात गाडीपाशी बसून ती कशी बांधायची ते तासभर वाचलं. मग आत येऊन बायकोला म्हणाला, तुझ्या आईंना सांग, सोमवारपासून पाच मिनिटं आधी निघायचं.

आई समोरच बसलेल्या होत्या.

हल्ली सकाळी गुंडी मागे तिच्या खुर्चीत असते आणि शेजारी मावशी. गुंडीला हे पसंत नाही. मला अडकवलंय, असं ती रोज सांगते. मावशी म्हणतात, मलाही. ज्या फाटीतून मावशींचं बकल वर येतं, तिची कड त्यांच्या मांडीशी असते. तिथून पिवळा स्पंज डोकावतो आणि फाट रोज केसभर वाढते. कडेने एक टीप मारली तर ती जागच्या जागी थांबेल. दाभण आणि कॉफी रंगाचा दोरा त्यांच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून आहे. पण गाडीला हात लावू का, हे विचारायचं कसं, ते त्यांना कळत नाही आणि जावई काही म्हणत नाही.

तो इंजिन चालू करून थांबतो. मागे वळत नाही, आरशातही बघत नाही. एक खट होतो, गुंडीचा. तो थांबतो. दुसरा खट होतो, मावशींचा. मगच गाडी हलते.

एकदा मावशींनी बकल लावायला मुद्दाम उशीर करून बघितला. गाडी तशीच उभी राहिली. गल्लीत मागून दोन जणांनी हॉर्न वाजवले, तरी उभीच होती.